उंबरठ्यावरची बंदूक : डेट्रॉइटच्या एका खटल्याचा इतिहास



आपल्या घरावर चालून आलेल्या माणसावर घरधन्याने आतून गोळी झाडली आणि तो माणूस मेला, तर घरधनी गुन्हेगार ठरतो काय? हा प्रश्न चारचौघांत टाकून पाहा. बहुतेक जण चटकन सांगतील की, घर त्याचे, जीव त्याचा. त्याने बसून मार खावा काय? एखादा सावध गृहस्थ म्हणेल की, तसे म्हटले तर रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही चोर म्हणून मारता येईल. दोघांचेही म्हणणे अगदीच चूक नाही. या दोन उत्तरांच्या मधली वाट शोधण्यात कायद्याची चारशे वर्षे गेली, आणि ती वाट अजूनही सगळीकडे सारखी रुंद झालेली नाही. आजचे माझे व्याख्यान त्या वाटेवरच्या एका मोठ्या मुक्कामाविषयी आहे. तो मुक्काम म्हणजे अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात १९२५-२६ साली चाललेला डॉक्टर ऑशियन स्वीट व त्यांचे बंधू यांचा खटला.

मी वकील नाही. कामगार संघटनेचे काम करताना जेवढा कायदा गळ्यात पडला तेवढा कोर्टाच्या व्हरांड्यात उभा राहून आणि इतरांची पुस्तके मागून आणून वाचला. त्यामुळे कलमांची बारीक चिरफाड मजकडून होणार नाही. तथापि एक गोष्ट या कामात रोज दिसते. कायद्याच्या पुस्तकात हक्क सर्वांचा असतो, पण तो वापरण्याची वेळ आली म्हणजे "हा माणूस कोण?" असे आधी विचारले जाते. डेट्रॉइटच्या खटल्यात हाच प्रश्न भर न्यायालयात, बारा पंचांसमोर उघडपणे मांडला गेला. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचा आणि सात समुद्रांपलीकडचा असूनही तो आपण समजून घ्यावा असे मला वाटते.

प्रथम कायद्याचा पाया पाहू. "इंग्रजाचे घर म्हणजे त्याचा किल्ला" हे वचन आपण ऐकलेले असते. हे तत्त्व सर एडवर्ड कोक यांनी नोंदवलेल्या १६०४ सालच्या सेमेनच्या खटल्यात स्पष्ट शब्दांत आले. गंमत अशी की, मूळ खटला दरोड्याचा नव्हता. मृत माणसाच्या कर्जाची वसुली करण्यासाठी सरकारी अंमलदाराला दुसऱ्याच्या घराचे दार तोडता येईल काय, असा तो वाद होता. त्या वादात न्यायाधीशांनी सांगितले की, घर हे माणसाच्या विसाव्याचे तसेच बचावाचे ठिकाण आहे. परंतु त्याच निकालात हेही सांगितले की, राजाच्या कामासाठी आलेला अंमलदार आधी सूचना देऊन आत येऊ शकतो. म्हणजे किल्ल्याची भिंत पहिल्या दिवसापासूनच मर्यादित उंचीची होती.

पुढे न्यायालयांनी या हक्काला चार अटी घातल्या, त्या थोडक्यात अशा. पहिली, धोका समोर उभा असला पाहिजे. कालच्या भांडणाचा सूड किंवा उद्याच्या शंकेचा बंदोबस्त म्हणजे बचाव नव्हे. दुसरी, बळाची गरज असली पाहिजे. तिसरी, बळ धोक्याच्या मानाने असले पाहिजे. जीव घ्यायचा तर जिवाचा किंवा तशाच भयंकर इजेचा धोका हवा. चौथी अट सर्वांत अवघड आहे. भीती खरी असली पाहिजे, आणि त्या परिस्थितीत सापडलेल्या शहाण्या माणसालाही ती वाटली असती अशी असली पाहिजे. पहिल्या तीन अटी घड्याळ, दोरी आणि तराजू घेऊन थोड्याफार मोजता येतात. चौथी मोजायची तर दुसऱ्याच्या काळजात शिरावे लागते.

माणूस जागेवर नसता नुसती बंदूक ठेवून दिली तर काय, यावरही इंग्लंडात मोठा वाद झाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथले जमीनदार आपल्या रानात आणि बागांत तारेने सुटणाऱ्या बंदुका लावून ठेवीत. सशासाठी आलेला भुकेला मजूर असो की वाट चुकलेले पोर असो, तारेला पाय लागला की गोळी सुटे. १८२५ साली ब्रिस्टॉलजवळ एक तरुण कोणाची तरी पळालेली लांडोर पकडण्यासाठी दिवसाढवळ्या भिंत चढून ट्यूलिपच्या फुलांच्या बागेत उतरला आणि अशा बंदुकीने जखमी झाला. न्यायालयाने त्याला नुकसानभरपाई दिली. १८२७ साली पार्लमेंटने या बंदुकांना बंदी केली. फक्त राहत्या घराच्या आत, सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, तेवढी सवलत ठेवली. अमेरिकेतील आयोवा राज्यात एका शेतकरी जोडप्याने ओस पडलेल्या घरात अशीच बंदूक बांधून ठेवली होती. जुन्या बाटल्या-बरण्या चोरायला आलेल्या माणसाचा पाय तिने निकामी केला. १९७१ साली तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने त्या चोराला मिळालेली तीस हजार डॉलरांची भरपाई कायम केली. अनेकांना हे विपरीत वाटले. पण त्यातले तत्त्व सरळ आहे : जे कृत्य मालकाला स्वतः हजर राहून करता आले नसते, ते त्याच्या गैरहजेरीत यंत्राकडूनही करवून घेता येत नाही. बरणीची किंमत माणसाच्या पायाएवढी नसते, आणि बंदुकीच्या चापाला विचार करता येत नाही.

आता आपण मिशिगन राज्यात येऊ. डेट्रॉइट याच राज्यात आहे, आणि डॉक्टर स्वीट यांच्या खटल्यात जो कायदा लागला तो येथेच पासष्ट वर्षे आधी घडला होता. मिशिगन सरोवराच्या उत्तर काठावर ऑगस्टस पाँड नावाचा एक कोळी राहत असे. त्याचे लहानसे घर, आणि जवळच जाळी ठेवण्याची एक खोप. त्या खोपीत त्याचे दोन नोकर झोपत. १८५९ सालच्या जून महिन्यात तीन दांडगट माणसे त्याच्या मागे लागली. त्यांनी त्याला धमक्या दिल्या, मारले आणि रात्री येऊन खोप मोडायला सुरुवात केली. आत एका नोकराचा गळा आवळल्याचा आवाज येत होता. पाँडने ओरडून बजावले की, निघून जा, नाहीतर गोळी घालीन. मग त्याने पक्ष्यांच्या छऱ्यांनी भरलेली बंदूक झाडली आणि एक माणूस मेला. खालच्या न्यायालयाने त्याला मनुष्यवधाबद्दल दहा वर्षांची शिक्षा दिली. १८६० साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून फेरचौकशीचा हुकूम दिला.

न्यायमूर्ती कॅम्पबेल यांच्या त्या निकालातील तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. माणसाने स्वतःच्या घरातून पळ काढलाच पाहिजे असे नाही. धोक्याचे मोजमाप त्या घटकेला त्याला जे दिसत होते त्यावरून करायचे. मागाहून निवांत बसलेल्यांना जे कळले त्यावरून नव्हे. आणि तिसरी गोष्ट मला विशेष वाटते : नोकर जिथे झोपतात ती जाळ्यांची खोपसुद्धा घरातच मोडते. मजुराच्या पथारीला 'घर' म्हणणारे न्यायाधीश त्या काळी फार नसतील.

परंतु पाँड गोरा होता. हाच न्याय काळ्या माणसाच्या उंबरठ्याला लागतो काय, हे ठरायला १९२५ साल उजाडावे लागले.

त्या वेळचे डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे शहर. फोर्डने १९१४ साली दिवसाला पाच डॉलर पगार जाहीर केला आणि चहूंकडून माणसे लोटली. दक्षिणेतील कापसाच्या शेतांवरून, गोऱ्यांच्या जाचातून सुटण्यासाठी कृष्णवर्णीय कुटुंबेही आली. १९१० साली या शहरात त्यांची वस्ती सहा हजारांच्या आत होती. १९२० साली ती चाळीस हजारांवर गेली, आणि पुढच्या पाच वर्षांत आणखी वाढली. कारखान्यात त्यांना भट्टीचे आणि ओतकामाचे काम मिळे. राहायला मात्र एका कोंदट भागात, दुप्पट भाड्याने कोंबून घ्यावे लागे. त्या काळच्या कित्येक कामगार संघटनांनीही त्यांना दार बंद ठेवले होते, हे संघटनेचा माणूस म्हणून मी येथे सांगितले पाहिजे. तोंड झाकून दहशत घालणाऱ्या कू क्लक्स क्लान या टोळीचा जोर इतका की, १९२४ च्या महापौराच्या निवडणुकीत तिचा उमेदवार मतपत्रिकेवर नाव छापलेले नसतानाही निवडून येता येता राहिला.

१९२५ च्या उन्हाळ्यात गोऱ्या वस्तीत घर घेणाऱ्या कृष्णवर्णीयांवर एकामागून एक हल्ले झाले. जून महिन्यात डॉक्टर टर्नर नावाच्या नामांकित शल्यवैद्याच्या नव्या घरावर जमाव चालून आला, सामान फोडले, आणि घर सोडल्याच्या कागदावर त्यांची सही घेतली. डॉक्टर ऑशियन स्वीट हे सर्व पाहत होते. फ्लोरिडातल्या गरीब घरात जन्मलेला हा मुलगा मोलमजुरी करीत शिकला, डॉक्टर झाला, व्हिएन्ना आणि पॅरिस येथे पुढचे शिक्षण घेऊन परतला. मे-जूनच्या सुमारास त्याने गारलँड रस्त्यावर १८,५०० डॉलरांना एक विटांचे घर ठरवले. हे कळताच वस्तीतल्या गोऱ्यांनी 'सुधारणा मंडळ' काढले. मंडळाचे नाव किती साळसूद पाहा! जुलै महिन्यात शाळेच्या पटांगणात त्याची सभा झाली आणि टर्नर यांना घालवणाऱ्या वस्तीतला वक्ता तिथे बोलायला आला.

या गोऱ्या शेजाऱ्यांना राक्षस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ते कारखान्यातले मुकादम, कारकून, लहान दुकानदार होते. हप्त्यावर घेतलेले घर ही त्यांची जन्माची पुंजी, आणि काळे कुटुंब आले की घरांचे भाव कोसळतात असे त्यांना दलालांनी पढवलेले. भय त्यांनाही होते. पण भयाभयांत फरक असतो. घराची किंमत उतरेल या भयाला कायदा दगड हाती घेण्याचा हक्क देत नाही. घरात मला जिवंत जाळतील या भयाला तो हक्क देतो. या खटल्याचा सगळा निकाल या एका फरकावर टांगलेला होता.

८ सप्टेंबर १९२५ रोजी डॉक्टर स्वीट पत्नी ग्लॅडिससह नव्या घरात आले. लहान मुलीला त्यांनी आजी-आजोबांकडे ठेवले. सामानाबरोबर बंदुका, पिस्तुले आणि काडतुसेही आणली. पोलिसांना आधी कळवलेले होते आणि पोलीस रस्त्यावर होतेही. पहिली रात्र जमाव येऊनही निभावली. दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला, घरात अकरा माणसे होती : डॉक्टर, ग्लॅडिस, दोन भाऊ ओटिस आणि हेन्री, व काही मित्र व मदतनीस. ओटिस दंतवैद्य, हेन्री महाविद्यालयातला विद्यार्थी. अंधार पडताच समोरच्या मैदानात आणि गल्लीत माणसे दाटली. रात्री आठच्या पुढे ओटिस आणि एक मित्र टॅक्सीतून उतरले, तोच शिव्यांचा आणि दगडांचा मारा सुरू झाला. खिडकीची काच फुटली. थोड्याच वेळात वरच्या मजल्यावरून गोळ्या सुटल्या. समोरच्या घराच्या ओट्याशी उभे असलेले लिऑन ब्रायनर हे गृहस्थ पाठीत गोळी लागून मेले; दुसरा एक जण जखमी झाला. पोलिसांनी अकराही जणांना पकडून खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात घातले. जमावातील कोणालाही पकडले नाही.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ साली निघालेल्या राष्ट्रीय संस्थेने हा खटला हाती घेतला आणि क्लॅरेन्स डॅरो यांना वकील दिले. कामगार चळवळीच्या इतिहासात हे नाव मोठे आहे. १८९४ च्या पुलमन संपात यूजीन डेब्झ यांचा बचाव करण्यासाठी याने रेल्वे कंपनीची वकिली सोडली. १९०७ साली खाणकामगारांचे पुढारी बिल हेवुड यांना खुनाच्या आरोपातून सोडवले. डेट्रॉइटला आला तेव्हा त्याचे वय अडुसष्ट होते. न्यायाधीश फ्रँक मर्फी मात्र तरुण होते. पंच बाराही गोरे आणि बाराही पुरुष.

सरकारी वकिलांचे म्हणणे असे : रस्त्यावर जमाव नव्हता, चार-दोन माणसे उभी होती, आतल्या लोकांनी आधीच कट करून शस्त्रे आणली, धोका नव्हता, म्हणून बचावही नाही. या म्हणण्यासाठी त्यांनी साक्षीदारांची लांब रांग उभी केली. प्रत्येक जण सांगू लागला की, मी सहज फिरायला गेलो होतो, रस्त्यावर फारसे कोणी नव्हते. मग एक तरुण साक्षीदार आला. तो बोलून गेला की, मोठी गर्दी होती. लगेच सावरून म्हणाला, बरीच माणसे होती. आणि शेवटी, थोडी माणसे होती. डॅरोने उलटतपासणीत त्याच्याकडून कबूल करून घेतले की, 'थोडी' हा शब्द तो आधी विसरला होता.

हे वाचताना मला आपल्याकडच्या कारखान्यांची दारे आठवतात. गेटवर पाच कामगार उभे राहिले तरी पंचनाम्यात त्यांचा 'बेकायदेशीर जमाव' होतो, कारण कलमात पाचचा आकडा आहे. गारलँड रस्त्यावरची शेकडो माणसे मात्र साक्षीत उभी राहताच आटून मूठभर झाली. जमाव कोणाला म्हणायचे हे डोकी मोजून ठरत नाही. ती डोकी कोणाची, यावर ते ठरते.

जमाव सिद्ध झाला तरी चौथी अट उरतेच. आत बसलेल्यांची भीती शहाण्या माणसाची होती काय? यावर डॅरोने डॉक्टर स्वीट यांनाच साक्षीला उभे केले आणि त्यांच्या सगळ्या आयुष्याची कहाणी विचारली. सरकारी वकिलांनी हरकत घेतली की, फ्लोरिडातल्या जुन्या गोष्टींचा गारलँड रस्त्याशी काय संबंध? न्यायाधीश मर्फी यांनी हरकत फेटाळली. आरोपीच्या मनात त्या घटकेला काय होते हेच तर ठरवायचे आहे, तेव्हा हे ऐकले पाहिजे असे त्यांनी ठरवले. माझ्या मते या खटल्यातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. मग डॉक्टरांनी सांगितले की, लहानपणी आपण एका काळ्या माणसाला जमावाने जिवंत जाळताना पाहिले. १९१९ साली वॉशिंग्टनमध्ये शिकत असताना आपल्या लोकांना रस्त्यात ओढून मारताना पाहिले. १९२१ साली टल्सा शहरात काळ्यांची अख्खी वस्ती जळाली आणि हात वर करून शरण आलेल्या एका डॉक्टरलाही जमावाने गोळी घातली, हे आपल्याला ठाऊक होते. दार उघडून समोर गर्दी पाहिली तेव्हा आपल्या सबंध जातीचा छळलेला इतिहास आपल्यापुढे उभा राहिला, असा त्यांच्या साक्षीचा भावार्थ होता.

श्रोतेहो, याचा कायद्यातला अर्थ नीट पाहिला पाहिजे. 'शहाणा माणूस' म्हणताना न्यायालये नकळत अशा माणसाची कल्पना करतात की, ज्याला पोलिसांवर भरवसा आहे, ज्याच्या बापाला कोणी जाळलेले नाही. त्या माणसाला दोन दगड म्हणजे दोन दगडच वाटतील. ज्याच्या लोकांच्या बाबतीत पहिल्या दगडानंतर नेहमी आग आली, त्या शहाण्या माणसाला पहिला दगड आगीची वर्दी वाटणार. हे ऐकून घेणे म्हणजे काळ्या माणसाला सवलत देणे नव्हे. पाँडला जो न्याय १८६० साली दिला, की जे त्याला दिसत होते त्यावरून मोजा, तोच न्याय प्रामाणिकपणे पुढे नेणे होय. मर्फी यांनी पंचांना शेवटी सांगितले तेही याच अर्थाचे होते : घर हे माणसाचा किल्ला आहे, आणि हा नियम गोऱ्याला जसा तसा काळ्याला.

पंच सेहेचाळीस तास बसले. आतली भांडणे बाहेर ऐकू येत होती. एकमत झाले नाही आणि २७ नोव्हेंबर १९२५ रोजी तो खटला निष्फळ ठरला. दुसऱ्या वेळी सरकारने एकट्या हेन्रीवर खटला चालवला, कारण गोळी झाडल्याचे त्याने पोलिसांपाशी कबूल केले होते. डॅरो शेवटच्या भाषणात सात तासांहून अधिक बोलला. त्याचा मुद्दा एका वाक्यात सांगता येईल : आत अकरा गोरे आणि बाहेर काळ्यांचा जमाव असता, तर हा खटला भरण्याचे कोणाच्या मनातही आले नसते. १३ मे १९२६ रोजी बारा गोऱ्या पंचांनी चार तासांच्या आत हेन्रीला निर्दोष ठरवले. पुढच्या वर्षी बाकीच्यांवरील आरोपही मागे घेतले गेले.

येथे टाळ्या वाजवून थांबता येईल. पण ब्रायनर मेला, तो पाठीत गोळी लागून. आणि त्या क्षणी त्याच्या हातात दगड होता असे सिद्ध झाले नाही. बचावाचा हक्क मान्य केला की अशा मृत्यूची किंमत समाजाच्या खात्यावर पडते. म्हणूनच त्या हक्काच्या मर्यादा सैल करताना दहा वेळा विचार केला पाहिजे. डेट्रॉइटला लागूनच डिअरबॉर्न हाइट्स नावाचे गाव आहे. २ नोव्हेंबर २०१३ च्या पहाटे तिथे एका घराच्या दारावर जोराने थापा पडल्या. मोटारीचा अपघात झालेली, दारूच्या अमलाखालची एकोणीस वर्षांची एक कृष्णवर्णीय मुलगी बाहेर उभी होती; तिच्याजवळ शस्त्र नव्हते. घरमालकाने आतले दार उघडले आणि जाळीच्या दारातून गोळी झाडली. मुलगी जागीच मेली. पोलिसांना त्याने कळवले ते गोळी झाडल्यानंतर. न्यायालयात त्याने सांगितले की, मला माझ्या जिवाची भीती वाटली. कदाचित वाटलीही असेल. पण २०१४ साली पंचांनी त्याला खुनाबद्दल दोषी ठरवले. दार बंद होते, कडी शाबूत होती, पोलिसांना बोलावता येत होते. आणि जे दार सुरक्षित होते ते त्याने स्वतः उघडले.

एकाच परिसरातले हे दोन खटले शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे घर, बंदूक आणि भय. स्वीट यांच्या भयामागे दगड होते, गर्दी होती, हलायला तयार नसलेले पोलीस होते आणि कालपरवाचे हल्ले होते. दुसऱ्या घरमालकाच्या भयामागे एक थाप होती. पहिल्याचे भय कायद्याला मोठ्या मुश्किलीने दिसले. दुसऱ्याच्या भयाला बंदूक आधी मिळाली आणि विचार मागून आला.

आपल्या देशातील कायद्याचे मूळही त्याच इंग्रजी मातीतले आहे. मेकॉले यांच्या आयोगाने १८३७ साली तयार केलेला मसुदा पुढे भारतीय दंडसंहिता म्हणून १८६० साली, म्हणजे पाँडच्या निकालाच्याच साली, मंजूर झाला. त्यात खाजगी बचावाचा हक्क कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत तोच कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. दरोडा, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, किंवा मृत्यूची अथवा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटेल अशी चोरी वा घरात घुसखोरी, एवढ्याच प्रसंगी मालमत्तेच्या बचावासाठी हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. सरकारी यंत्रणेची मदत घ्यायला सवड असेल तर तो हक्क नाही. गरजेपेक्षा अधिक इजा करण्याचाही नाही. शेवटच्या कलमातला दाखला तर गारलँड रस्त्यावरून उचलल्यासारखा वाटतो, जरी तो त्याच्या कितीतरी आधीचा आहे : जिवावर उठलेल्या जमावावर गोळी झाडल्यावाचून एखाद्याला वाचता येत नाही, आणि झाडली तर जमावात मिसळलेल्या लहान मुलांना इजा होण्याचा धोका आहे, अशा वेळी गोळी झाडणे हा गुन्हा नव्हे.

पुस्तकात हक्क असा सर्वांचा. पण १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या अमदानीत हत्यारांचा कायदा आला. त्यात भारतीयाला बंदुकीसाठी परवाना हवा आणि युरोपियनाला मुभा. बचावाचा हक्क दोघांनाही, साधन मात्र एकालाच! राष्ट्रसभेने या कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षे ठराव केले. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहापूर्वी गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी हत्यारांचे परवाने लोकनियंत्रणाखाली मिळावेत ही एक होती. अहिंसेच्या उपासकाने ही मागणी का ठेवली असेल? बंदुकीच्या प्रेमामुळे खास नव्हे. एका जातीचे भय सरकारी आणि दुसऱ्या जातीचे भय संशयास्पद, हा अपमान त्यांना काढून टाकायचा होता. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात परवान्याची अट आहे, आणि तीत युरोपियनाला वेगळी मुभा नाही. ते योग्यच आहे. पण कोणाचे घर गावात आणि कोणाचे गावकुसाबाहेर, हे ज्या देशात जातीने ठरत आले, तिथे नुसत्या सारख्या कलमाने भागत नाही. पोलीस ठाण्यात कोणाची फिर्याद आधी लिहिली जाते, तेही पाहावे लागते.

डॉक्टर स्वीट यांचे पुढे काय झाले? त्यांची दोन वर्षांची मुलगी आणि पत्नी ग्लॅडिस क्षयाने गेल्या, दोन वर्षांच्या अंतराने. हेन्रीलाही तोच रोग तरुणपणी घेऊन गेला. डॉक्टर त्या घरात पुष्कळ वर्षे राहिले. १९६० साली त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. हेन्री सुटल्यानंतर अकराच दिवसांनी, २४ मे १९२६ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका दुसऱ्या खटल्यात, काळ्यांना घर न विकण्याचे गोऱ्या मालकांचे आपसांतील करार चालू राहू दिले. त्या करारांमागची न्यायालयांची ताकद निघाली ती १९४८ साली, आणि त्या निकालातल्या घरांपैकी एक डेट्रॉइटचेच होते. म्हणजे बंदूक त्या कुटुंबाला एका रात्रीपुरती उपयोगी पडली. शेजार मिळवून देणे तिच्या हातात नव्हते.

न्यायाधीश मर्फी पुढे मिशिगनचे गव्हर्नर झाले. १९३७ साली फ्लिंट गावात जनरल मोटर्सचे कामगार कारखाने अडवून आत बसले, तेव्हा सैन्य घालून त्यांना बाहेर काढण्याची मागणी या गव्हर्नरांपुढे आली. त्यांनी शांतता राखण्यासाठी सैन्य आणले, पण ते कामगारांवर घातले नाही. ११ फेब्रुवारीला कंपनीने संघटनेला मान्यता दिली. ज्याने एका काळ्या डॉक्टरची भीती ऐकून घेतली, त्याने अकरा वर्षांनी कामगारांची भूकही ऐकून घेतली, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

घरात बंदूक असावी की नसावी, हे मी आपणांस सांगणार नाही. ते परवाना अधिकारी पाहतील. मी एवढेच सांगतो की, उद्या आपल्यापैकी कोणी पंचनाम्यावर सही करील, कोणी साक्षीला उभा राहील, कोणी वर्तमानपत्रात बातमी लिहील. कोणाच्या दारापुढे गर्दी होती आणि किती होती, हे तेव्हा जसे पाहिले तसे सांगा. गारलँड रस्त्यावर त्या रात्री जमलेल्यांपैकी दहा माणसांनी जरी तेवढे केले असते, तरी अकरा माणसांना तुरुंगाचे तोंड पाहावे लागले नसते.